शेवटचं सेमिस्टर, 22 आठवडे पोस्टिंग आणि कोरे हात

तापीकाठची_पोर | 10 जानेवारी, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी बीएस्सी नर्सिंगच्या आठव्या सेमिस्टरला आहे. गाव शिरपूर तालुक्यात. पुढच्या आठवड्यापासून इंटर्नशिप सुरू होतेय. नव्या अभ्यासक्रमात हे सेमिस्टर पूर्ण पोस्टिंगचंच आहे. 22 आठवडे, आठवड्याला 48 तास, एकूण 1056 तास. मेडिकल-सर्जिकलचे 6 आठवडे. कम्युनिटी, पेडियाट्रिक, सायकियाट्री आणि मिडवायफरीचे (बाळंतपणाचे) प्रत्येकी 4.

खरं सांगते, भीती वाटतेय. लॉगबुक भरलंय, सह्या झाल्यात, पण हात कोरे आहेत. कॅथेटर मी आजवर दोनदाच टाकलाय, लॉगबुकात दहा वेळा. डिलिव्हरीच्या टेबलाजवळ उभी राहिलेय ती पण मैत्रिणीच्या खांद्यावरून डोकावत.

मागचं पोस्टिंग एका खाजगी हॉस्पिटलला होतं (नाव घेत नाही). वॉर्डात पेशंट 18 आणि आम्ही 12 जणी. सकाळी 8 ला जायचं, सगळ्यांचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) आणि बीपी घ्यायचं, चादरी बदलायच्या, मग सॅम्पल घेऊन खाली लॅबला, रिपोर्ट घेऊन वर, फाइल घेऊन बिलिंगला. दुपारी 2 ला ड्यूटी संपते तेव्हा पाय दुखत असतात आणि शिकलेलं काही आठवत नाही. एकदा इन्चार्जना म्हटलं, ड्रेसिंगला येऊ का? तर म्हणे, "आधी सीटी स्कॅनचा कागद आण."

आता प्रश्न. मिडवायफरी आणि कम्युनिटीसाठी कॉलेजने दोन पर्याय दिलेत. एक, शहरातलं मोठं हॉस्पिटल. दोन, नंदुरबारकडे सातपुड्याच्या डोंगरातलं ग्रामीण रुग्णालय, राहायला तिथलं क्वार्टर. सगळ्या मैत्रिणी शहर घेताहेत. पप्पा म्हणतात, घाटातून एवढं लांब काबरं जायचं? बुधवारपर्यंत नाव द्यायचंय. काय करू?

भुसावळकर | 10 जानेवारी, रात्री 11:41

शहर घे. एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) बघशील, व्हेंटिलेटर बघशील. पुढे जॉबला तेच विचारतात. डोंगरात फक्त मच्छर.

सातपुडा_सिस्टर | 11 जानेवारी, पहाटे 5:50

भुसावळकर, मच्छर भुसावळला पण आहेत. :)

पोरी, नाइट संपत आलीय, म्हणून निवांत लिहिते. मी सरकारी नोकरीत 19 वर्षं आहे, त्यातली बरीचशी डोंगराकडे. आमच्या वेळी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) साडेतीन वर्षांचं होतं, शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. वीस नॉर्मल डिलिव्हरी स्वतःच्या हाताने करायच्या असा नियम. माझ्या लॉगबुकात वीस होत्या. खऱ्या किती, ते इथे लिहीत नाही. तुझं दुखणं मला कळतं ते त्यामुळेच.

मोठ्या हॉस्पिटलच्या लेबर रूममध्ये रांग कशी असते बघ. पीजीचे डॉक्टर, मग एमबीबीएसचे इंटर्न, मग स्टाफ सिस्टर, मग जीएनएमवाल्या, एएनएमवाल्या, आणि त्यांच्या मागे तू. तुझ्या वाट्याला येतं बाळाचं वजन आणि रजिस्टर. ते पण यायला हवं, नाही असं नाही. पण त्यासाठी चार आठवडे नकोत.

ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये मी असते, मावशी (आया) असते आणि तू असशील. तिथे तुला कोणी 'मागे सर' म्हणणार नाही, कारण मागे कोणी नसतंच. मेडिकल ऑफिसर क्वार्टरवर, हाक मारली की येतात. बाकी सगळं आपण. बाई आली की पोटाला हात लावून बाळाची स्थिती बघायची, ठोके मोजायचे, गर्भपिशवीचं तोंड 4 सेंटीमीटर उघडलं की पार्टोग्राफ (बाळंतपण कसं पुढे सरकतंय याचा आलेख) सुरू करायचा. कॉलेजात तुम्ही पार्टोग्राफ सरावाच्या आकड्यांवर भरता, रेघ सुंदर तिरकी जाते. इथे समोर बाई कण्हत असते, दर अर्ध्या तासाने तू ठोके लिहितेस, आणि रेघ अलर्ट लाइनच्या (इशाऱ्याच्या रेघेच्या) उजवीकडे सरकायला लागली की तुझ्या पोटात गोळा येतो. हा गोळा आला पाहिजे. खाली रेफर करायचं तर गाडी पोचायला दोन-अडीच तास, त्यामुळे आपल्याला आधी कळावं लागतं.

बाळ झालं की पोट चाचपून दुसरं बाळ नाही ना याची खात्री करायची, आणि एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन (पिशवी आवळणारं इंजेक्शन) 10 युनिट मांडीत. हे तुला पाठ असेल. पाठ नसतं ते पुढचं. वार पडल्यावर पोटावर हात ठेवून बस. पिशवी नाभीच्या खाली चेंडूसारखी घट्ट लागली पाहिजे. भिजवलेल्या कणकेसारखी मऊ लागली, तर पॅड बघायच्या आधी हाक मार आणि चोळायला लाग. रक्त दिसतं नंतर, हाताला कळतं आधी. घट्ट आणि मऊ यातला फरक मी तुला लिहून सांगू शकत नाही. पाच-सहा बायकांच्या पोटावर हात ठेवलास की आपोआप येईल.

डोंगर घे. पप्पांना सांग, क्वार्टरला कुलूप लागतं आणि शेजारी मी राहते (मी नसेन तर माझ्यासारखीच कोणी).

केळीवाला_रावेर | 11 जानेवारी, सकाळी 8:15

मी पेशंटच्या बाजूने बोलतो, राग मानू नका. मागच्या उन्हाळ्यात वडिलांना ॲडमिट केलं होतं. एका शिकाऊ पोरीने सलाईनसाठी पाच वेळा टोचलं. दोन्ही हात निळे. वडील काही बोलले नाहीत, वरून मलाच म्हणाले, शिकू दे तिला, आपली पण पोर शिकते. पण मला बघवत नव्हतं. शिकायचं तर आमच्याच माणसांवर काबरं?

ब्रदर_अमळनेर | 11 जानेवारी, सकाळी 9:02

भाऊ, तुमचं बरोबर आहे. ती पोर चुकली, पण तिच्यापेक्षा जास्त चुकले तिच्या शेजारी उभे नसलेले. आमच्या आयसीयूत नियम आहे: दोन प्रयत्न, मग हात सोडायचा आणि दुसऱ्याला बोलवायचं. सीनियरला पण हाच नियम लागू.

धागाकर्तीसाठी. या भाऊंच्या वडिलांच्या वयाच्या माणसाची नस दिसते जाड, पण पळते. कातडी खालच्या बाजूला अंगठ्याने ताणून धरायची. आणि उगाच हिरवा इंट्राकॅथ (सलाईनसाठी नसेत घालायची सुई-नळी) उचलायचा नाही. रक्त द्यायचं किंवा शॉकचा पेशंट असेल तर हिरवा, 18 नंबर. साध्या सलाईनला गुलाबी 20 किंवा निळा 22 पुरतो. पिवळा 24 लेकरांना. पोरी हिरवा उचलतात कारण ट्रेमध्ये तोच वर असतो.

मेड-सर्जच्या सहा आठवड्यांत बाकी काही आलं नाही तरी चालेल, पण पुढच्या गोष्टी पक्क्या करून ये.

इन्सुलिन. बाटली 40 ची की 100 ची (एका एमएलमध्ये किती युनिट), हे वाचल्याशिवाय सिरिंज उचलायची नाही. लाल टोपीची सिरिंज 40 ची, केशरी टोपीची 100 ची. 40 ची बाटली आणि हातात केशरी सिरिंज, 20 च्या रेघेपर्यंत ओढलंस तर पेशंटला जातात फक्त 8 युनिट. उलटं झालं, म्हणजे 100 ची बाटली आणि लाल सिरिंज, तर 20 च्या जागी 50. पहिल्यात शुगर उतरत नाही म्हणून सगळे डोकं खाजवतात, दुसऱ्यात पेशंट पहाटे घामाघूम सापडतो.

थेंब. 500 ची बाटली 4 तासांत, 20 थेंबांचा सेट (एमएलला 20 थेंब), तर मिनिटाला 42 थेंब. ही गणितं कागदावर सगळ्यांना येतात. घड्याळ हातात धरून खरोखर थेंब मोजणारे फार कमी. मायक्रो सेटला (एमएलला 60 थेंब) गणितच नाही, तासाला जितके एमएल तितकेच मिनिटाला थेंब.

पोटॅशियम क्लोराइड सरळ नसेत कधीही नाही. कोणी घाईत सांगितलं तरी नाही. 'सर, पातळ करून हळू ना?' एवढं विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत हात थांबवायचा.

अवांतर: मुलगा असल्याने मला लेबर रूमचं पोस्टिंग म्हणजे बाहेरच्या बाकड्यावर बसून केस लिहिणं होतं. बाया लाजतात हे समजू शकतो, पण परीक्षेत मला पण तेच विचारलं. त्यामुळे ज्यांना आत जायला मिळतंय त्यांनी जावं.

ट्यूटर_मॅडम | 11 जानेवारी, दुपारी 3:30

मी एका नर्सिंग कॉलेजात शिकवते, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय.

12 विद्यार्थिनी आणि 18 पेशंट हे नियमातच बसत नाही. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत असं नर्सिंग कौन्सिल सांगतं, आणि दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. कागदावर हे सगळीकडे असतं. प्रत्यक्षात मी एकटी तीन वॉर्ड फिरते, त्यातून निम्मा दिवस इन्स्पेक्शनच्या फायली. खाजगी हॉस्पिटलशी करार असेल तर तिथल्या मॅनेजमेंटला वाटतं की बिनपगारी हात मिळाले. आम्ही बोललो तर पुढच्या वर्षी करार नाही. हे समर्थन नाही, असं चालतं एवढंच सांगतेय.

पण मुली, लॉगबुकात दहा लिहिणारा हात तुझाच होता ना? मी सही करते तेव्हा माझ्यासमोर साठ वह्या असतात. 'झालं का?' विचारलं की सगळ्या एका सुरात 'हो मॅडम'. एखादीने 'नाही, दोनच झाले' म्हटलं असतं तर मी तिला त्या दिवशी कॅथेटरच्या पेशंटकडे पाठवलं असतं. नाही म्हणणारी मला तेरा वर्षांत चार-पाचच भेटल्या.

तापीकाठची_पोर | 11 जानेवारी, रात्री 10:05

मॅडम, लागलं. पण खोटं नाही.

फक्त एक सांगते. पहिल्या वर्षी मी 'नाही झालं' म्हटलं होतं. तेव्हा वर्गासमोर ऐकावं लागलं, "इतके दिवस काय झोपा काढल्या?" त्यानंतर नाही म्हटलं नाही.

ट्यूटर_मॅडम | 11 जानेवारी, रात्री 10:31

हम्म. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पिंपळनेरी | 12 जानेवारी, सकाळी 7:40

डोंगरात जाणार असशील तर शहाद्यावरून सकाळची एसटी पकड, दुपारनंतर घाटात गाड्या कमी. सोबत सुईदोरा, टॉर्च, मेणबत्ती, दोन एप्रन जास्तीचे. आणि कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ. तिकडे तुला कळण्याची भाकरी, ठेचा करून देणारं कोणी नाही.

केळीवाला_रावेर | 12 जानेवारी, सकाळी 7:52

पीठ न्या, पण भरताची वांगी आमच्याकडूनच न्या. शिरपूरच्या वांग्याला ती चव नाही.

तापीकाठची_पोर | 12 जानेवारी, सकाळी 8:10

काका, धागा भरकटतोय. :) (आणि शिरपूरची वांगी चांगली असतात.)

निवृत्त_वैद्य | 12 जानेवारी, दुपारी 12:18

धुळे-जळगाव भागात चाळीस वर्षं प्रॅक्टिस केली. डॉक्टर म्हणून कबूल करतो, माझे किती पेशंट सिस्टरांच्या नजरेने वाचले याची मोजदाद नाही. खान्देशात पोस्टिंग करताय तर इथले तीन आजार इथेच नीट बघून घ्या. पुण्या-मुंबईत इतके दिसणार नाहीत.

कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की विषबाधेचे पेशंट येतात. कोणी मुद्दाम प्यायलेलं, कोणी दिवसभर वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारलेलं. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. इंजेक्शन भरायच्या आधी ग्लोव्ह घाला, अंगावरचे कपडे काढा आणि साबण-पाण्याने धुवा, केसांसकट. कपड्यात मुरलेलं औषध कातडीतून आत जातच राहतं, ॲट्रोपिन (या विषावरचं औषध) कितीही द्या. मग ॲट्रोपिनचा चार्ट. किती दिलं, हे लिहून भागत नाही. छाती कोरडी झाली का, नाडी 80 च्या वर गेली का, हे लिहा. बाहुली मोठी झाली म्हणून थांबणारे पाहिलेत, छातीत पाणी तसंच.

सापाचा पेशंट आला की कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन एमएल रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करून बघायची, गोठलं की नाही. साधी गोष्ट आहे, पण नळी प्लास्टिकची नको आणि साबणाने धुतलेली नको. मध्येच कोणीतरी 'बघू बघू' करत नळी हलवतं. हे काम तुम्ही सिस्टरांनीच राखायचं. सर्पविषाची लस सुरू केली की पहिला तासभर पेशंटजवळून हलू नका, ॲड्रेनालिन (रिॲक्शन आली तर लागणारं इंजेक्शन) भरून हाताशी ठेवा.

आणि एप्रिल-मेमध्ये उष्माघात. जळगाव-भुसावळला पारा 45 च्या आसपास गेला की वीटभट्टीवरचा नाहीतर केळी भरणारा मजूर बडबडत येतो. त्याला पॅरासिटामॉल देऊन काही होत नाही, तो ताप नाहीच. ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ.

सातपुडा_सिस्टर | 12 जानेवारी, रात्री 9:15

डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझ्याकडून चौथा जोडते, डोंगरातला. सिकलसेल.

सतरा-अठरा वर्षांचा पोरगा हातपाय आवळून ओरडत येतो. एक्स-रे साफ, ताप नाही, सूज फारशी नाही. नवी सिस्टर म्हणते, नाटकं करतोय. करत नसतो. रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन बारीक नळ्यांत अडकतात, हाडात कळा उठतात. त्याला पाणी, सलाईन, वेदनेचं औषध वेळेवर, पांघरूण. बर्फ किंवा थंड पट्टी अजिबात नाही, थंडीने आणखी आवळतं. अशा पोराला मी एकदा रागावले होते, नवी असताना. तो पोरगा परत दवाखान्यात आला नाही. पुढचं मला आशाताईकडून कळलं.

भाषेचं. तू अहिराणी बोलतेस ना? तळोद्यापर्यंत चालेल. 'काय व्हयनं वं माय, पोटमा दुखस का?' म्हटलं की म्हातारी लगेच सगळं सांगायला लागते, हे तुला माहीतच आहे. वर पावरी आणि भिली. तिथे अहिराणी पण परकी आणि आपलं मराठी त्याहून परकं. बाई सगळ्याला मान हलवते, आपल्याला वाटतं समजलं. पहिल्याच दिवशी मावशीजवळ बस आणि दहा वाक्यं वहीत लिहून घे: कुठे दुखतं, कधीपासून, पाणी गेलं का, बाळ हलतं का, जोर दे, जोर देऊ नको, श्वास घे, कोण सोबत आलंय, जेवलीस का, घाबरू नकोस. 'जोर देऊ नको' नीट पाठ कर. चुकीच्या वेळी जोर दिला की फाटतं.

कम्युनिटीच्या चार आठवड्यांत गरोदर बायांची यादी घेशील. दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातमध्ये असतात. यादीत नाव, घराच्या दाराला काट्याची फांदी लावलेली. या बाया होळीला परततात, आठवा-नववा महिना घेऊन, मधल्या तपासण्या कोऱ्या. होळीच्या आधीचे पंधरा दिवस लेबर रूम कशी असते ते बघशीलच.

ठाण्याहून_परत | 13 जानेवारी, रात्री 12:20

मागच्या वर्षीची पासआउट. सायकियाट्रीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे. खान्देशातल्या पोरींना बॅग भरावीच लागते. आम्ही ठाण्याला होतो. राहण्या-खाण्याचा खर्च आधी विचारून घ्या, आमच्या वेळी ऐनवेळी कळला आणि दोघींनी मंगळसूत्र ठेवावं तसं आईचे कानातले गहाण ठेवले.

तिथे सुई-सलाईन नसतं, म्हणून पोरी म्हणतात वेळ वाया गेला. मी पहिले चार दिवस एका बाईशेजारी नुसती बसत होते. ती एक अक्षर बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने माझ्या एप्रनचं निसटलेलं बटण बोटाने दाखवलं. प्रोसेस रेकॉर्डमध्ये (पेशंटशी झालेल्या संवादाच्या नोंदीत) ते कसं लिहायचं मला कळेना. मॅडमनी सांगितलं, जसं झालं तसंच लिही.

ब्रदर_अमळनेर | 13 जानेवारी, सकाळी 9:30

एक राहिलं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण आहेत ना? 0, 1 आणि 6 महिने. बऱ्याच जणांचा तिसरा राहतो. सुईला टोपण परत लावायचं नाही, सरळ कटरमध्ये आणि पांढऱ्या डब्यात. तरी टोचलीच तर पिळत बसू नकोस, साबण-पाण्याने धू आणि लगेच इन्चार्जना सांग. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर उपयोग नाही. ओरडा पडेल म्हणून लपवणारी दोघं मी स्वतः बघितली आहेत. एक मीच होतो.

तापीकाठची_पोर | 14 जानेवारी, रात्री 8:45

नाव दिलं. डोंगर. पप्पांनी सिस्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचला, मग म्हणाले, मी पहिल्या दिवशी सोडायला येतो. तिसरा डोस राहिला होता, आज घेतला. तिळगूळ घ्या सगळ्यांनी.

तापीकाठची_पोर | 2 मार्च, सायंकाळी 6:30

धागा वर काढतेय. सात आठवडे झाले. मेड-सर्ज आधी झालं, आता गेल्या सोमवारपासून इथे आहे. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीजवळ येतं, तिथे दगडावर बसून टंकतेय.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच. होळीची माणसं परतू लागलीत, भोंगऱ्या बाजारात (होळीआधीचा आदिवासी बाजार) ढोल, आणि लेबर रूममध्ये दोन टेबलांना तीन बायका. काल रात्री माझी पहिली. म्हणजे लॉगबुकात नववी, खरी पहिली.

बाई एकोणीस-वीसची, दुसरं बाळंतपण. साखर कारखान्याकडून तीन दिवसांपूर्वी आलेली, तपासणीचं कार्ड कोरं. हिमोग्लोबिन 7.8. इथल्या सिस्टरांनी रेफर करायचं ठरवलं, 108 ला फोन केला, पण गाडी खालून निघेपर्यंत तोंड पूर्ण उघडलं. सिस्टर म्हणाल्या, "हात धू. तू धरशील, मी तुझ्या मागे आहे." मला वाटलं होतं पाय थरथरतील. पाय ठीक होते, बोटं थरथरत होती. पावरीतलं 'जोर देऊ नको' ऐनवेळी मी 'जोर दे'च्या चालीत म्हटलं. बाईने माझ्याकडे असं बघितलं की मावशी मोठ्याने हसली, आणि तिनेच नीट सांगितलं. डोकं आलं, मानेभोवती नाळेचा एक सैल वेढा, तो बोटाने वरून काढला. 2 वाजून 50 मिनिटं. मुलगी, 2 किलो 300 ग्रॅम. लगेच रडली.

मग पोटाला हात. आधी घट्ट लागलं. दहा मिनिटांनी परत हात ठेवला तर कळेना, हे घट्ट की मऊ? मी गप्प बसणार होते. मग मोठ्याने म्हटलं, "सिस्टर, मला कळत नाहीये." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाबलं आणि म्हणाल्या, "हे मऊ. चोळ." मूत्राशय भरलं होतं. कॅथेटर टाकला (मॅडम, हा माझा खरा सातवा), बाटलीत ऑक्सिटोसिन सुरू झालं, वीस मिनिटांत चेंडू. पॅड दोनच भिजले. गाडी पावणेचारला आली. हिमोग्लोबिन कमी म्हणून बाई आणि बाळ दोघींना खाली नेलं, आज फोन आला, रक्ताची एक पिशवी लागली, बऱ्या आहेत.

सकाळी लॉगबुक काढलं. आधीच्या आठ नोंदी आणि त्यांच्यावर सह्या. मी त्या खोडल्या नाहीत, खोडता येत पण नाहीत. नववीच्या रकान्यात वेळ लिहिली आणि शेजारी पेन्सिलीने 1.

ट्यूटर_मॅडम | 2 मार्च, रात्री 9:10

मी तुझ्या कॉलेजची नाही. पण असती तर पेन्सिलीच्या आकड्याशेजारी सही केली असती.

इथे एक सांगते. या महिन्यात मी साठ वह्या घेतल्या आणि 'झालं का'ऐवजी 'कोणाचं राहिलंय' विचारलं. पहिल्या दिवशी कोणी हात वर केला नाही. दुसऱ्या दिवशी अकरा.

केळीवाला_रावेर | 2 मार्च, रात्री 9:25

वाचून डोळ्यात पाणी आलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, वांगी पाठव तिला. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) कर.

तापीकाठची_पोर | 3 मार्च, सायंकाळी 7:05

काका, एसटीने पाठवली तर घाटातच भरीत होईल त्यांचं. :)

आज परत नाइट. एक बाई दुपारीच आलीय, बीपी 150/100, पायाला सूज, डोकं दुखतंय म्हणते. लघवीत अल्ब्युमिन दोन प्लस. डॉक्टर बघून गेलेत.

सातपुडा_सिस्टर | 3 मार्च, सायंकाळी 7:12

डोकं दुखतंय म्हणतेय तर तिला दरवाजाजवळच्या खाटेवर घ्या, उजेड कमी करा. मॅग्सल्फच्या (झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं औषध) एम्प्यूल आत्ताच मोजून ट्रेमध्ये ठेव, कॅल्शियम ग्लुकोनेट (त्याचा उतारा) त्याच ट्रेमध्ये. गुडघ्याचा हातोडा (ठोकल्यावर पाय उडतो का बघायचा) नसेल तर स्टेथोच्या कडेने चालतं. आणि मोबाइल ठेव खाली, ड्यूटीची वेळ झाली.